बापझाडं

मलकापूरच्या स्टँडबाहेर टेंपो लावला आणि विडी तोंडात धरली, की हमखास कोणीतरी आडवं येतं. त्या दिवशी एक पोरगी आली. खांद्याला शबनम, हातात थर्मासचा दांडगा डबा, पायात कॅनव्हासचे बूट. म्हणाली, "चाचा, वरच्या वाडीला सोडणार का? आणि त्याआधी गारीगारच्या कारखान्यातून बर्फ घ्यायचाय."

"बर्फ? वाडीत लगीन हाय काय कुनाचं?"

"लग्न नाही. झाडांची पानं न्यायचीत कोल्हापूरला. गरम झाली की बिघडतात."

इतकी वर्षं टेंपो चालवतोय. ऊस नेला, शेणखत नेलं, वरातीतला नवरा नेला, एकदा मेलेली म्हैसपण नेली. पानं बर्फात घालून नेणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच भेटलं. नाव विचारलं तर नजीरा म्हणाली. कॉलेजात शिकवते आणि शिकवता शिकवता अजून वर शिकते. आमच्यातली पोरगी एवढी शिकलीय बघून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण तोंडानं म्हटलं, "रस्ता लई बेकार हाय. डोस्कं आपटलं तर मला बोलायचं न्हाय."

वरची वाडी आंबा घाटाच्या अलीकडं, डोंगराच्या पोटाला. वाडीच्या खाली ओढा आणि ओढ्याच्या काठाला भाऊसो कांबळ्याची मुरमाड पड. नाचणीसुद्धा धड येत नाही तिथं. पण रातांब्याची झाडं अशी माजलेली, की खाली उभं राहिलं तर दुपारचं ऊन अंगाला लागत नाही. कोणी लावलेली नव्हती. पाखरांनी बी टाकलं असेल, उदमांजरानं टाकलं असेल. उन्हाळ्यात फळं लालभडक पिकायची. मग सालं मिठात घोळून वाळवायची, त्यांची आमसुलं व्हायची. बियांचं तेल निघायचं. त्या घराचा पावसाळा त्यावर निघायचा. बाकी वर्षभर दुसऱ्याच्या बांधावर मजुरी होतीच.

हे सगळं काम करायची अंजना, भाऊसोची बायको. बाई काटक, उंच, कमी बोलणारी. रातांबे फोडून फोडून तिच्या नखांत लाल रंग बसलेला, तो पार आषाढ सरला तरी जायचा नाही. लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि पदरात मूल नव्हतं. सासू चिमणाबाई गुडघ्यानं अधू. उंबऱ्यात बसून तोंड तेवढं चालवायची. ते तोंड मी ऐकलंय. रेड्यालासुद्धा कोणी असं बोलत नाही.

आम्ही पोचलो तेव्हा झाडं फुलावर होती. नजीरानं डबा सावलीत ठेवला आणि प्रत्येक झाडाला पत्र्याचा बिल्ला बांधायला लागली. अंजना शेणाची पाटी उतरवून बघत उभी राहिली.

"वहिनी, यातली फळं कुठली धरतात?"

अंजनानं हात केला. "ही धरत्यात. ती तिकडची आनि ह्या वळनावरची न्हाय धरत. फुलं उलट जास्ती येत्यात त्यास्नी. पन सगळी गळून जात्यात."

मागून काठी टेकत म्हातारी आली होती. "वांझ हाईत ती," म्हणाली. "लई हाईत. आमच्या घराला वांझेचा तोटा न्हाय."

अंजनानं पाटी उचलली. नजीराचा चेहरा पडला. ती गेली, वळणावरच्या झाडाचं एक फूल तोडून आणलं आणि दुसऱ्या झाडाचं एक आणलं. दोन्ही अंजनाच्या तळहातावर ठेवली.

"हे बघा. या फुलात मधे गोळा आहे बारीक, तो पुढं रातांबा होतो. आणि यात गोळाच नाही, नुसता पिवळा भुगा. हे झाड नर आहे वहिनी. हा भुगा वाऱ्यानं, माश्यांनी तिकडं जातो तेव्हा ते झाड फळ धरतं. हे वांझ कसलं? हा बाप आहे सगळ्यांचा."

अंजना त्या दोन फुलांकडं बघत राहिली. मग हसली. मी त्या बाईला हसताना आधी कधी बघितलं नव्हतं. "अगं बया," म्हणाली, "आमी बापालाच शिव्या देतोय व्हय रोज!"

म्हातारी थुंकली आणि माघारी वळली.

परत जाताना मी नजीराला विचारलं, ही पानं नेऊन करतीस काय? तिनं सांगितलं. पानाचा रस काढायचा. खळीची घट्ट वडी थापायची, तिच्या एका कडेला रस लावायचा आणि वडीतून वीज सोडायची. रसातले कण वडीतून पळायला लागतात, कोण पुढं जातो, कोण मागं राहतो. मग वडी रंगात बुडवली की पट्टे उठून दिसतात, लुगड्याच्या काठासारखे. प्रत्येक झाडाचा काठ वेगळा. रोप लावलं की ते नर की मादी कळायला सात-आठ वर्षं जातात. तेच जर पानाच्या पट्ट्यावरून कळलं, तर लोक रातांबे लावतील आणि राखतील. शिवाय डोंगर तुटत चाललेत, त्यातली कुठली झाडं काहीही करून वाचवायची, तेही पट्टेच सांगतात.

"मानसाचं बी दिसतं काय त्यात?" मी गमतीनं विचारलं.

"माणसाला डॉक्टर असतात चाचा," ती म्हणाली.

उन्हाळ्यात ती पुन्हा आली. अंजना झाडाखाली रातांबे फोडत बसली होती. कोपरापर्यंत लाल, मिठानं बोटं चिरलेली. नजीरा तिच्या शेजारी बसून फोडायला लागली. मी पलीकडं टेंपोचं चाक बदलत होतो. अंजनानं सुरी खाली ठेवली आणि हात पुढं केला.

"बाई, माझं बी पान तोडून न्या की."

"म्हणजे?"

"रगत न्या, काय पायजे ते न्या. त्या वडीत घाला. माझ्यात कुठला पट्टा न्हाय ते बघून सांगा. येकदा कळू दे मला. लोकं म्हंत्यात म्हनून मानायचं, का खरंच हाय?"

नजीरानं तिचा हात धरला. मग म्हणाली, "माझ्या वडीत ते दिसत नाही वहिनी. पण मी तुम्हाला नेते डॉक्टरकडं."

आमसुलं पोचवायच्या निमित्तानं अंजना माझ्या टेंपोतून मलकापूरला आली आणि तिथून दोघी यष्टीनं कोल्हापूरला गेल्या. संध्याकाळी परत आल्या तेव्हा अंजना पदरानं सारखी डोळे पुसत होती, पण चेहरा उजळला होता. डॉक्टरीणबाईंनी सगळं तपासून सांगितलं, तुझ्यात काही खोट नाही. नवऱ्याला घेऊन ये.

इथंच ती चुकली. ते ऐकून गप राहायला पाहिजे होतं. पण इतक्या वर्षांचं गिळलेलं, कसं राहील पोटात? घरात भाकरी थापता थापता म्हणाली, "मला डागदरनीनं चांगली म्हंटलंय. आता ह्यांनी येकदा जाऊन यावं." चिमणाबाईनं पेटतं लाकूड उचललं. "माझ्या ल्योकाला खोट काडतीस? रांडं, तुझी जीभ झडली न्हाय ती!" भाऊसो जेवत होता, तो ताटावरून उठून गेला.

आणि बायकांचं तोंड कोण धरणार? रातांब्याचे बाप आणि रातांब्याच्या आया ही गोष्ट पाणवठ्यावर पोचली होतीच, आता तिला शेपूट फुटलं. गड्यांतही पोचली. एकदा चहाच्या टपरीवर भाऊसो आला तर एक टोणगा म्हणाला, "या भाऊसो. बापझाड हाईसा, का वांझ? डागदरनं काय म्हंटलं?" सगळे खिदळले. भाऊसो मूळचा सरळ माणूस. कुणाच्या अध्यात ना मध्यात. कधी बायकोवर हात उचललेला नव्हता त्यानं, आईनं एवढं डिवचूनही. हातातला कप त्यानं खाली ठेवला, अर्धा भरलेला, आणि निघून गेला. टपरीवाल्यानं कप पालथा केला तरी लोक हसतच होते. मला त्या टोणग्याच्या कानाखाली आवाज काढावासा वाटला.

पाऊस सरला. भातं निघाली. दिवाळीच्या पुढंमागं भाऊसोनं कुऱ्हाड काढली.

निरोप मला आला, लाकूड न्यायचंय, वीटभट्टीवर. मी टेंपो घेऊन ओढ्याला गेलो तर वळणावरची दोन झाडं आडवी झाली होती आणि भाऊसो तिसऱ्याला घाव घालत होता. शर्ट काढलेला. पाठ घामानं निथळत होती. घाव खोल जात होता, ओलं लाकूड पिवळंजर्द दिसत होतं आणि सालीतून पिवळा चीक गळत होता. बांधावर चिमणाबाई बसलेली. "समदी काड," म्हणत होती. "वांझ येक बी ठेवू नगंस. फळाच्या झाडास्नी तरी ऊन लागू दे."

अंजना रानातून पळत आली. केस सुटलेले, डोक्यावरची गवताची ओली बिंडी वाटेतच टाकलेली. तिनं कुऱ्हाडीचा दांडाच धरला.

"अवो, ही तोडली तर त्यास्नी फळ कुठनं येनार? बाईंनी सांगितलंय न्हवं? सगळंच जाईल. आयला कळत न्हाय, तुमास्नी तरी कळतंय की!"

"सोड."

"ही तोडायची असली तर आदी मला तोडा."

भाऊसोनं हिसका दिला. ती दगडावर पडली, कोपर फुटलं. तिच्याकडं न बघता त्यानं पुन्हा घाव घातला. मी मधे पडलो. म्हटलं, "भाऊसो, येड लागलं काय तुला? पोरगी खरं सांगून गेलीया. दोन तरी ठेव."

"दस्तगीरभाई, तू लाकूड न्यायला आलाईस का अक्कल शिकवायला?" त्याचे डोळे लाल झाले होते. मला वाटलं घामानं असतील. "तुला न्ह्यायचं नसंल तर दुसरा टेंपो हाय मलकापुरात."

संध्याकाळपर्यंत वळणावरची आणि तिकडची, सगळी बापझाडं गेली, वळण उघडं पडलं. ओढ्याचं पाणी तिथून कधी दिसत नव्हतं, ते लांबून चमकायला लागलं. बिल्ले तेवढे अंजनानं वेचून पदरात बांधले.

माघात राहिलेली झाडं फुलली. दांडगी फुलली, ऊन मिळालं होतं ना! चिमणाबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, बघा, कसा बहर आलाय. अंजना काही बोलायची नाही. सकाळी झाडलोट झाली की ओढ्याला जाऊन फांद्या खाली ओढून बघायची. मी एकदा वाटेत टेंपो थांबवला. तिनं मला फूल दाखवलं. मधला गोळा होता तसाच, हिरवा, बारीक. दोन दिवसांनी तो पिवळा पडला आणि देठासकट गळला. झाडाखाली सडा पडायला लागला. चैत्रात फांद्यांवर पानंच पानं. कुठं एखादा रातांबा, तोही खुरटलेला. पहिल्यांदाच त्या घराचं अंगण उन्हाळ्यात कोरडं राहिलं. मिठाचं पोतं न फोडलेलंच भिंतीला टेकून होतं.

म्हातारीनं ठरवून टाकलं, हिची नजर लागली. वांझ बाईनं रोज झाडाला हात लावला, दुसरं काय होणार? आणि ते ती अंगणात, चार बायकांसमोर बोलली.

अंजना इतके दिवस गप होती. त्या दिवशी तिनं लोटा खाली ठेवला. म्हणाली, "आत्या, झाडांनी सांगितलं की वो तुमास्नी. बाप तोडला म्हनून आया रिकाम्या ऱ्हायल्या. आता तरी माझ्यावर घालू नगा."

कोणी हसलं नाही. भाऊसो गोठ्याच्या दारात उभा होता, त्यानं ऐकलं. आत गेला, तिची ट्रंक उचलून आणली आणि ओट्यावर ठेवली. "जा," म्हणाला. "उचगावला जा भावाकडं."

"किती दिस?"

तो वळून गोठ्यात गेला.

मीच सोडली तिला. उचगाव म्हणजे कोल्हापूरच्या अंगाला, भाऊ तिथल्या कारखान्यात कामाला, दोन खोल्यांत सहा माणसं. भाऊ दारात आला, ट्रंक बघितली आणि त्याची बायको आत निघून गेली. अंजनानं ट्रंक स्वतःच उतरवली. मला म्हणाली, "दस्तगीरभाऊ, पानी तरी पिऊन जावा." दुसऱ्याच्या घरी मला पाणी विचारत होती बिचारी.

वैशाखात नजीरा आली. स्टँडवर मला बघून लांबूनच हात हलवला. "चाचा, पट्टा सापडला!" लहान पोरासारखी नाचायची बाकी होती. वाटेत सांगत होती. आंबोलीपासून महाबळेश्वरपर्यंत फिरून पानं तपासली तिनं. पण भाऊसोच्या ओढ्याकाठच्या नरांत एक पट्टा आहे, तो दुसरीकडं कुठंच नाही. तो जपला पाहिजे. कलमं करायची, बी धरायचं, वरिष्ठांशी बोलणं झालंय, कुंपणाचंसुद्धा बघू. मी समोर बघत टेंपो हाकत होतो. सांगायचं कसं तिला? शेवटी वळण आलं तेव्हा गाडी थांबवली. म्हटलं, "उतर बेटा. बघ."

ती बुंध्यांपाशी गेली. एका बुंध्यावर हात ठेवला, दुसऱ्यावर ठेवला. कुऱ्हाडीचे वार सहा महिन्यांत काळे पडले होते आणि म्हशींनी कोंब खाऊन खाऊन साफ केले होते. पोरगी मटकन खाली बसली आणि ओठ दाबून रडायला लागली. झाडासाठी माणूस असं रडतं हे मी बघितलं नव्हतं. अंजना कशी आडवी आली आणि भाऊसोनं डॉक्टरचं नाव न काढता झाडं कशी तोडली, ते मी तिला सांगितलं.

भाऊसो वैरणीचा भारा घेऊन येत होता. आम्हाला बघून थबकला. भारा टाकून उभा राहिला.

"वहिनी कुठं आहेत?" नजीरानं विचारलं.

"भावाकडं गेली."

"तुम्ही घालवलीत. तिनं सांगितलं होतं सगळं, तरी तोडलीत. आणि एकदा, फक्त एकदा डॉक्टरकडं गेला असता तर काय झालं असतं हो?"

भाऊसो खाली बघत होता. पायाच्या अंगठ्यानं मुरूम उकरत होता. तसाच म्हणाला, "गेलतो."

"काय?"

"दिवाळीच्या आदी. कुनाला न सांगता गेलतो. त्यांनी तपासलं." त्याचा आवाज बसला. "माझ्यातच न्हाय बाई. कवाच व्हनार न्हाय म्हंटलं."

म्हणजे हा तिकडून आला आणि मग कुऱ्हाड काढली त्यानं. सगळं माहीत असून.

"अरं मग तिला का घालवलीस?" मी ओरडलोच. "पाय धरायचे सोडून ट्रंक भाईर काडलीस?"

"आयला कसं सांगू? आनि ती ऱ्हायली असती तर..." तो थांबला. "तिला कळलं असतं दस्तगीरभाई. बोलली नसती काय. रोज भाकरी वाडताना माझ्या तोंडाकडं बघितली असती नुसती. ते मला झेपलं नसतं."

तेवढ्यात वाडीकडून चिमणाबाईची हाक आली. "भाऊसोऽ, आरं कुठं उलतलास? पावनं उठाय लागल्यात!" मी वळून बघितलं. अंगणात घोंगडी अंथरलेली, टोपीवाली माणसं बसलेली. घर बघायला आली होती. दुसरी सोयरीक.

नजीरा त्याच्याकडं बघतच राहिली. भाऊसोनं डोळे पुसले, पायाचा मुरूम झटकला, भारा उचलला आणि हाकेच्या दिशेनं चालायला लागला. मला त्याचा राग आला आणि कीवही आली, आणि कीव आली म्हणून स्वतःचा आणखी राग आला.

पाहुण्यांना मलकापूरला सोडायचं काम माझ्याच गळ्यात पडलं. नजीरा आणि बाकीची माणसं मागं हौद्यात बसली. माझ्या शेजारी मुलीचा बाप, गणपतराव म्हणून, बांबवड्याकडचा. सुकलेला माणूस, हातात पिशवी, पिशवीत चिमणाबाईनं दिलेला नारळ. थोडं अंतर गेल्यावर त्यानं विचारलं, "पावनं, मानसं कशी हाईत वो ही? तुमी वाडीत येनारं-जानारं."

मी टेंपो बाजूला घेतला. इंजीन बंद केलं. म्हटलं, ह्याला तरी अंधारात ठेवायचा नाही.

"कानावर घालतो ते खरं माना," मी म्हणालो. "पयली बाई चांगली व्हती. खोट तिच्यात न्हवती. पोराच्यात हाय. डागदरनं सांगितलंय, त्याच्या तोंडनं ऐकलंय मी आत्ताच. मूल व्हनार न्हाय त्या घरात. पोरगीला देऊ नगा."

गणपतरावानं पिशवीत हात घातला. नारळाच्या शेंडीवरनं बोट फिरवत राहिला.

"थोरलीला पाय बारीक हाय," शेवटी म्हणाला. "लंगडती. वय निगून गेलं. कोन करत न्हाय. तिच्या मागं आनि तिघी हाईत, ही अडून बसल्यावर त्यांची बी न्हाईत व्हत."

"आवो पन उद्या हिलाच वांझ म्हंतील!"

"म्हंतील की," तो म्हणाला. "म्हाईत हाय मला. घरात रोज लंगडी म्हंत्यात, तितं वांझ म्हंतील. दोन टाइम जेवल तरी." त्यानं पिशवी मांडीवर सरळ केली आणि पुढच्या काचेतनं रस्त्याकडं बघितलं. "चला, यष्टी चुकंल."

मी टेंपो सुरू केला.